निंदल्यावरची थांब

वाशीमच्या शिबिरात आमच्या एका पोट्टीच्या कमरेवर काठी बसली, तेव्हा मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसले होते. फटका काही फार जोराचा नव्हता, कमरेला जाड पट्टाही बांधलेला होता. पण पोट्टी गोंधळली आणि सरळ माझ्याकडे पाहायला लागली. तिच्या दोन्ही काठ्या खांद्याशी होत्या. मी शिकवलं होतं तशीच ती त्या जागी थांबली होती. समोरची काही थांबली नाही.

पोट्टी म्हणजे माझ्या क्लासातली. माझी स्वतःची लेक नाही, लेकरूच नाही. रिसोडला विहाराच्या अंगणात मी संध्याकाळी पोरींना दोन काठ्यांचा खेळ शिकवते. हा खेळ फिलिपिन्स देशातला. दोन्ही हातांत वेताची एकेक काठी, समोर जोडीदार, आणि ठरलेल्या क्रमानं काठीवर काठी मारत जायचं. क्रम चुकला की बोटं फुटतात. रिसोडात हे कुठून आलं, असं नवीन माणूस हटकून विचारतो. माझ्या नवऱ्यानं आणलं.

लग्नाच्या आधी तो मालवाहू जहाजावर भटारखान्यात कामाला होता. कांदे सोलायचे, भांडी घासायची. तिथला मोठा स्वयंपाकी फिलिपिन्सचा. त्याला हिंदी येत नव्हतं, ह्याला इंग्रजी येत नव्हतं. काम आटोपलं की दोघं डेकवर काठ्या घेऊन उभे राहत. लोक परदेशातून घड्याळं, सेंट आणतात. जहाजाची नोकरी सोडून आला तेव्हा ह्यानं वेताच्या काठ्यांची मोळी आणली. माझ्या सासूबाईंनी ती पहिल्यांदा पाहून विचारलं म्हणे, "कायले आणल्या रे? ढोरं हाकाले?"

त्या खेळातल्या मुख्य प्रकाराचं नाव तो 'सीनेवाली' सांगायचा. सीना म्हणजे छाती, छातीसमोर खेळायची म्हणून सीनेवाली. आम्हाला ते अगदी पटलेलं होतं. आमच्याकडं बोलण्यात अर्धी हिंदी असतेच, तेव्हा फिलिपिन्सच्या माणसानं हिंदीत नाव कशाला ठेवलं असेल, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

एकामागून एक येणारे फटके त्याच्या ध्यानात राहत नसत. आकडे म्हटले की त्याचं डोकं बंद पडायचं. पण शेतकऱ्याच्या घरचा, शेतीचं सगळं तोंडपाठ. मग त्यानं फटक्यांना शेतातल्या कामांची नावं दिली. उजव्या काठीनं वरून तिरका फटका म्हणजे वखर. डावीनं तसाच, ते पेर. मग डवर, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, मग निंद, म्हणजे तण काढणं. त्यानंतर दोन्ही काठ्या खांद्याशी आणून क्षणभर उभं राहायचं, ते थांब. आणि शेवटी डोक्यावरून खाली येणारं मळ. "वखर, पेर, डवर, निंद, थांब, मळ," असं तो अंगणभर ओरडत फिरायचा. "डोस्कं इसरते, हात इसरत नाही," असं म्हणायचा. नवीन पोरांच्या हातात तो तुऱ्हाटी द्यायचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या. लागल्या तरी कड्कन मोडतात, माणसाला काही होत नाही. वेताची काठी मिळायला महिनेच्या महिने जात.

त्याची रोजची जोडीदार मीच. पोरं येत, नोकरीला पुण्याला निघून जात; मी कुठं जाणार? सकाळी चहाच्या आधी आम्ही दोघं मागच्या अंगणात उभे राहायचो. शेजारीण भिंतीवरून म्हणायची, "झालं का वो तुमचं भांडन सुरू?" इतकी वर्षं आम्ही एकमेकांना मारत आलो, आणि त्यात आमचं बरं चाललं होतं.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात तो गेला. सकाळी छातीत कळ आली. गाडी केली, अकोल्याच्या रस्त्याला लागलो आणि रस्त्यातच संपलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात बायका बसल्या होत्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जन्मभर सीनेवाली सीनेवाली केली, आन् शेवटी सीन्यानंच दगा देल्ला." जाऊबाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यांना वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. मी भ्रमिष्ट वगैरे नव्हते, मला राग आला होता. अजूनही येतो.

त्यानंतर थोड्या दिवसांनी पोट्ट्या काठ्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. "काकू, क्लास बंद का चालू?"

"चालू. बंद काहून राहीन?" मी म्हटलं. विचार न करताच म्हटलं. आता वाटतं, तेवढ्यासाठीच मी उठून बसले. त्याचे कपडे देऊन टाकले, चष्मा देऊन टाकला, पण हा क्रम तेवढा माझ्या हातात होता. तो जसाच्या तसा पोरींना द्यायचा, एक फटका इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं. त्याचं दुसरं काय राहिलं होतं माझ्याकडं?

आणि त्या वाशीमच्या शिबिरात हे असं झालं.

शिबिराचा कोच तरुण, बोलायला चांगला. त्यानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या मुली मधे थांबतात का?"

"ती थांबच आहे," मी म्हटलं. "तसंच आहे ते."

"नाही मॅडम. त्या जागी खालचा फटका असतो. कमरेखाली. तुमच्या मुलींना खालचं काहीच शिकवलेलं नाही, ना मारायचं, ना अडवायचं. कोणीही येऊन त्यांना तिथं मारून जाईल."

मी म्हटलं, "सीनेवालीत खालचा फटका कसा असेल? नावच सीनेवाली."

तो हसला नाही, हे त्याचं भलेपण. मागे उभी असलेली पोरं हसली. त्यानं समजावून सांगितलं, की शब्द सिनावाली आहे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ विणलेलं. आपल्याकडं बुरूड तट्ट्या विणतात, तसं एक वरून, एक खालून. छातीचा काही संबंध नाही. मग तो म्हणाला, "मुली चांगल्या आहेत हो, पायाच चुकलाय. तुमची हरकत नसेल तर पुढच्या महिन्यापासून मी रिसोडला येत जाईन. तुम्हाला पण आराम होईल."

आराम! मला आरामच आराम होता घरी. मी "सांगते" म्हटलं आणि पोट्ट्यांना घेऊन एसटी स्टँडवर आले.

रिसोडच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. रागानं कान तापले होते. कोचवर नाही, मेलेल्या माणसावर. त्या स्वयंपाक्यानं शिकवलं एक, ह्यानं ऐकलं भलतंच, आणि जे आठवलं नाही तिथं 'थांब' घालून मोकळा झाला. आणि मी म्हणजे त्याची ठेव म्हणून सांभाळत बसलेली. जिवंत असता तर त्या स्टँडवरच त्याची कॉलर धरली असती.

कमरेवर फटका खाल्लेली पोट्टी माझ्या शेजारीच होती. जरा वेळानं म्हणाली, "काकू, बोलू का एक?"

"बोल."

"मले पयलेपासूनच वाटे. निंदल्यावर सोंगाच लागते ना सोयाबीन? इळ्यानं, खालून. सोंगल्याबिगर मळन कसं? मधात थांबून कसं जमंन?"

मी तिला नवऱ्याचंच उत्तर दिलं. मीही कधीतरी असंच काहीतरी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, निंदल्यावर थांबाव लागते, दाना भरू द्याव लागते.

"भरल्यावर तं सोंगाच लागंन ना काकू," पोट्टी म्हणाली.

मी वाशीमच्या गावठाणातली. माझे वडील सरकारी ऑफिसात शिपाई. मी सोयाबीन पाहिलं ते पोत्यातलं. लग्नानंतरही सासूबाईंनी मला वावरात फार जाऊ दिलं नाही. त्यामुळं इतकी वर्षं हा क्रम तोंडानं म्हणताना मला काही खटकलं नाही. पण तो तर वावरात वाढलेला माणूस. त्याला सोंगणी, म्हणजे पिकाची कापणी, आठवली नाही? सगळा हंगाम सांगायचा आणि सोंगणीच विसरायची, हे कसं?

घरी आल्यावर मला एवढंच कळून घ्यायचं होतं. त्याला ते येत नव्हतं की येत होतं. येत नसेल, तर क्लास त्या कोचच्या हवाली करायचा आणि गप बसायचं. चुकलेली गोष्ट कितीही जीव लावून सांभाळली तरी पोरींना फटकेच खायला लावणार.

विचारण्यासारखा एकच माणूस होता, माझा धाकटा दीर. जहाजावरून आल्यावर नवऱ्यानं पहिल्यांदा त्यालाच शिकवलं होतं, माझ्याही आधी. आता तो जऊळक्याला असतो, स्टेशनजवळ त्याचं किराणा दुकान आहे. गुडघ्यानं दगा दिल्यापासून त्यानं काठ्या सोडल्या. मी फोन करून म्हटलं, "भाऊजी, येत्या रविवारी या. काम आहे." काय काम ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळची वंदना आटोपली आणि तो विहाराच्या अंगणात आला, पोट सुटलेला, एका पायावर जरा लंगडत. पोट्ट्या ओळीनं उभ्या होत्या. मी त्याच्या हातात नवऱ्याच्या काठ्या दिल्या. त्यानं त्या जरा वेळ नुसत्या धरल्या. मग शर्टाच्या बाह्या सारल्या.

"आठवते का भाऊजी?"

"पाहू बापा. लय वर्सं झाले."

एका पोट्टीला समोर उभं केलं. तो अडखळत सुरू झाला. वखर. पेर. दोनदा चुकला, हसला, परत घेतलं. तिसऱ्या वेळी अंग मोकळं झालं. वखर, पेर, डवर, निंद, आणि त्याची डावी काठी सुळ्ळकन खाली गेली. जमिनीजवळून गवत कापावं तशी गेली आणि पोट्टीच्या गुडघ्याशी येऊन थबकली. त्याच्या तोंडून शब्दही निघाला, "सोंग."

सगळ्यांनी ऐकलं. गाडीत सोंगणीचं बोललेली ती पोट्टी माझ्याकडं पाहून नुसती हसली, तिचं बरोबर होतं ना. दीर मात्र हसला नाही. त्यानं काठी मागे घेतली आणि म्हणाला, "नाही, नाही, चुकलो. थांब हाय तिथं."

"चुकले नाही तुमी," मी म्हटलं. मी पोट्टीला बाजूला केलं आणि स्वतः त्याच्यासमोर उभी राहिले. "आता मले मारा. सोंग."

"नाही वहिनी."

"अवो, मी काय काचेची हाव का? मारा."

"तुमाले नाही मारत मी. पायजे तं पोट्टीले दाखवतो."

मग मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, "भाऊजी, तुमाले येते, मंग माह्या मानसानं मले काहून नाही शिकवलं? बाईमानूस म्हनून? का त्याले वाटलं हिले काय कळते? सारी दुनिया हसून राह्यली मले!" पोट्ट्यांसमोर मी एवढं कधी ओरडले नव्हते. दिरानं त्यांना नळावर पाणी प्यायला पाठवलं, आणि विहाराच्या पायरीवर बसला. मला म्हणाला, "बसा."

इथं मला एक सांगितलं पाहिजे. लग्नानंतर लवकरच मला दिवस गेले होते, आणि ते पोट पडलं. पुढं कधी राहिलंच नाही. दवाखान्यात नवरा बाहेर बाकावर बसून होता. डॉक्टरीणबाई आत आल्या, माझ्याशी बोलल्या, गेल्या. तो आत आला तेव्हा काही विचारलं नाही. घरी आलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच वावरात निघून गेला. त्या गोष्टीबद्दल पुढं एक शब्द नाही, कधीच नाही. काही आठवड्यांनी माझ्या हातात काठ्या ठेवल्या आणि म्हणाला, "ये, तुले शिकवतो." मी शिकले, पण मनात ठेवलं. माझं लेकरू गेलं आणि ह्याला काठ्या सुचतात. ह्याला काही वाटलंच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. भांडणात एकदोनदा बोलूनही दाखवलं. तो उठून बाहेर जायचा.

दीर पायरीवर बसून चपलेच्या टोकानं माती उकरत होता. "तवा तुमी शिकत नव्हत्या अजून," तो म्हणाला. "आमी दोघं भाऊ मांगच्या आंगनात खेळून राह्यलो होतो. तुमी कपडे वाळू घालाले आल्या. त्यानं मस्करीत तुऱ्हाटी घेतली अन् तुमाले सोंग मारली, पोटाच्या इकडं. आठवते का?"

मला आठवलं. तुऱ्हाटी कड्कन मोडली होती आणि आम्ही तिघंही हसलो होतो. तिचा तुकडा बादलीत पडला होता. मला लागलंसुद्धा नव्हतं.

"त्याच हप्त्यात तुमचं ते झालं," दीर म्हणाला. "तवा कोनाले मालूम होतं, तुमाले दिवस गेले म्हनून? तुमालेच मालूम नव्हतं. मंग वावरात बसून मले म्हने, मीच मारलं रे. मी म्हटलं, अबे, तुऱ्हाटीनं कुठं काई होत असते का? पन ऐके तं ना. तीन दिवस जेवला नाही त्या बोरीखाली. म्हने, आजपासून सोंग बंद. आमी सारे पोट्टे मंग थांब शिकलो. जयंतीच्या मिरवनुकीत लोकं पाहून राहे, आन् आमी सारे मधातच काठ्या खांद्यावर घेऊन उभे. कोनी इचारलं तं म्हने, दाना भरू द्याव लागते. मले शपथ घातली, तुह्या वहिनीले सांगजो नोको."

म्हणजे त्याला येत होतं. सगळं येत होतं. त्या स्वयंपाक्यानं शिकवलेलं एकही अक्षर तो विसरला नव्हता, फक्त एक फटका त्यानं आपल्या हातानं काढून टाकला होता आणि आयुष्यभर परत मारला नव्हता. मला एकीकडून बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

पोट्ट्या नळावरून परत आल्या. मी दिराला म्हटलं, "ह्यांना सोंग शिकवा आजच. मारायची पण आणि अडवायची पण. क्लास कुठी जात नाही. त्या कोचले मी सांगते." तो उठला. पोट्ट्या जोडीनं उभ्या राहिल्या, त्यानं एकेकीची काठी धरून खाली कशी न्यायची ते दाखवलं. पोट्ट्यांना वेळ लागला नाही. वावरातल्याच त्या, सोंगणी काय त्यांना नवी? अंगणात आवाज घुमायला लागला, वखर, पेर, डवर, निंद, सोंग, मळ. नवऱ्याच्या गळ्यातून मी तो शब्द कधी ऐकला नव्हता.

दीर घाम पुसत परत पायरीवर येऊन बसला. मी त्याला पाणी दिलं. आणि मग मी त्याला सांगितलं. डॉक्टरीणबाई तेव्हा आत येऊन मला काय म्हणाल्या होत्या, ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "बाई, मनाला लावून घेऊ नको. गर्भ मुळातच नीट धरला नव्हता. कशानं झालं, कोणामुळं झालं, असं काही नसतं यात. तो राहणारच नव्हता."

दिरानं तांब्या खाली ठेवला. "हे दादाले मालूम होतं?"

"नाही."

"तुमी सांगतलं नाही?"

"त्यानं कधी इचारलंच नाही, भाऊजी. मले वाटलं, त्याले काही पडलंच नाही. कायले सांगू म्हटलं."

त्याचे डोळे भरून आले होते. मग म्हणाला, "कसा इचारंन वो तो, वहिनी, माह्यानं झालं का म्हनून? त्याले भेव वाटे, तुमी हो म्हनसान."

मी हो म्हटलं नसतं. एका शब्दाचं काम होतं. रोज सकाळी समोरासमोर उभे राहायचो आम्ही, चहाच्या आधी, हातभर अंतरावर. त्या पायरीवर बसून मी मेलेल्या नवऱ्याला मोठ्यानं म्हटलं, नाही वो, नाही, तुमच्यानं नाही झालं. दिरानं माझा हात धरला. पोट्ट्यांनी वळून पाहिलं, पण मी थांबले नाही, म्हणतच राहिले.